होटगी रोडच्या टॉवरमधले तीन ऋतू: शहाबादी फरशी, चुन्याचा गिलावा आणि पश्चिमेची काच

दिवाळीनंतर आम्ही सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या या टॉवरमध्ये राहायला आलो. थंडी गेली, उन्हाळा गेला, आता पावसाळाही सरत आला, म्हणून सविस्तर लिहितेय. ब्रोशरमध्ये पारंपरिक कारागिरीवर भर होता: शहाबादी फरशी, भिंतींना चुन्याचा गिलावा, लिफ्टसमोरच्या पॅसेजला दगडी जाळी, सागवानी दारांना पितळी कड्या, खाली लॉबीत जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेलं भिंतभर सोलापुरी वॉल हँगिंग. जोडीला पूल, जिम आणि मोबाईलवरून चालणारे दिवे. माझं मत स्पष्ट आहे. यातलं जे जुन्या पद्धतीचं आहे, तेच सोलापूरच्या उन्हाच्या कसोटीला उतरलं.

आधी फरशी. शहाबाद गुलबर्ग्याच्या पुढे, वाडीच्या अलीकडे, त्यामुळे हा दगड आपल्याकडच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला, तेव्हा आतल्या खोलीत अनवाणी चाललं तरी बरं वाटायचं. सासूबाई दुपारी गादी सोडून चटईवरच आडव्या व्हायच्या. पण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, तिला आंबट अजिबात चालत नाही. आमच्या मजल्याचा पॅसेज सफाईवाल्यांनी एकदा ॲसिडने धुतला, तर दाराजवळची चकाकी गेली आणि पांढरट पट्टे उमटले. ते घासून जात नाहीत, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. पितळी कड्या चिंचेने घासताना म्हणूनच मी खाली जाड कापड अंथरते. शेंगाचटणीचं तेल सांडलं तर लगेच टिपून घ्यावं. मुरलंच, तर खडूची पूड रात्रभर पसरून ठेवली की डाग बराच फिका होतो. रोजच्या पुसण्याला साधं पाणी पुरतं.

गिलाव्यावर माझा खरा जीव आहे. भिंतीला हात लावला की गार लागते, पावसाळ्यात कुठे पोपडे नाहीत, कुबट वास नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो आणि ओल आत कोंडून ठेवत नाही. त्यावर प्लास्टिक पेंट लावला की तो गुण संपला. टीव्ही बसवायला आलेल्या माणसांनी हॅमर ड्रिल लावलं आणि हातभर गिलावा सुटून खाली आला. बिल्डरच्या माणसाने तिथे सिमेंट थापून वर पुट्टी मारली. थोड्याच आठवड्यांत त्या ठिगळाच्या कडेने केसासारखी भेग निघाली, कारण सिमेंट ताठ आणि भोवतालचा चुना मऊ. शेवटी मूळ काम केलेल्या गवंड्यांना बोलावलं. त्यांनी सिमेंट छिन्नीने पूर्ण काढलं, भिंत भिजवत ठेवली, चुन्याचे पातळ थर दिले आणि प्रत्येक थर सावकाश वाळावा म्हणून वर ओलं गोणपाट लावलं. इतकं निगुतीने केलेलं काम बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आज तिथे हात फिरवूनही जोड सापडत नाही.

आता तक्रार. हॉलची पश्चिमेची भिंत छतापासून फरशीपर्यंत काचेची आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये ती फार देखणी दिसते. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही आणि एसी लावूनही ऊन जाणवतं. आतून पडदे लावून फारसा उपयोग नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. सावली बाहेरून हवी. आम्ही बाल्कनीला चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडदे लावायला निघालो, तर दर्शनी भाग बिघडतो म्हणून सोसायटीने अडवलं. सगळ्यांनी एकाच रंगाचे लावायचे, या अटीवर कशीबशी परवानगी मिळाली. ज्या इमारतीत जाळी घडवायला पाथरवट आणले, तिथे पश्चिमेला खोल छज्जा काढायचं कुणाला सुचू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाळीतून वारा छान खेळतो. तिच्यातून धूळ येते आणि कबुतरंही, त्यामुळे मागून बारीक नेट बसवावी लागली. लिफ्ट, जनरेटर ठीक. पाण्याचं म्हणाल तर सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा जमिनीखालची टाकी केवढी आहे हे बुकिंगआधीच विचारा. बोअरच्या जड पाण्याने नळांवर पांढरा थर धरतो. सासूबाईंना सगळ्यात आवडली ती गच्ची. गड्ड्यातलं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतलं, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम त्यांनी यंदा गर्दीत न जाता तिथून पाहिलं.

घेणाऱ्यांनी पूर्वेचा किंवा उत्तरेचा फ्लॅट बघावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याने ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, म्हणून फोटोसकट लेखी कळवत राहा. आणि गिलाव्याचं, दगडाचं काम कुणी केलं, त्यांचे नंबर ताबा घेतानाच मागून घ्या. आमच्या सोसायटीने आता त्याच गवंड्यांशी वर्षाच्या देखभालीचं बोलणं सुरू केलंय आणि उरलेल्या फरश्या बिल्डरकडून घेऊन तळघरात उभ्या रचून ठेवल्यात.