पाच वॉटचा ट्यूब ॲम्प: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

पाच वॉट म्हणजे खेळणं, अशा समजुतीनं गिटारसाठी छोटा ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घेणार असाल तर आधी थोडा हिशेब करा. आठ इंची साधा स्पीकर एक वॉटला एक मीटरवर साधारण ९२ डेसिबल देतो. पाच वॉटला त्यात ७ ची भर पडते, म्हणजे ९९. कानाला आवाज निम्मा वाटायला ताकद दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते. त्यामुळे अर्धा वॉटसुद्धा पाच वॉटच्या निम्म्यानं ऐकू येतो. अशा ॲम्पचं ‘घरात वाजवण्यापुरता’ हे वर्णन फक्त बँडच्या ड्रमरशेजारी उभं राहून खरं वाटतं.

इथला ॲम्प नेहमीच्या घडणीचा आहे. पुढे सिग्नल वाढवणारी एक छोटी ट्यूब, १२एएक्स७, शेवटी स्पीकरला ताकद देणारी एकच ईएल८४, व्हॉल्यूम आणि टोन असे दोन नॉब, मागे ५ आणि १ वॉटचा स्विच. हंबकर (दोन कॉइलचा, जोरकस पिकअप) असलेल्या गिटारवर व्हॉल्यूमचा नॉब घड्याळाच्या काट्याच्या हिशेबानं साडेदहाच्या पुढे गेला की सूर फाटायला लागतो. सिंगल कॉइल पिकअपवर बारापर्यंत साफ राहतो. या ॲम्पची खरी गोडी वेगळ्या ठिकाणी आहे: नॉब एकच्या आसपास ठेवायचा आणि फाटका-साफ हा खेळ गिटारच्या व्हॉल्यूमवरून करायचा. तो कमी केला की आवाजाची धार जाते, असं होत असेल तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), मधली आणि इनपुटची पिन यांत, १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर टाकावा. काही रुपयांचं काम, पण ॲम्प बदलल्यासारखं वाटतं.

एक वॉटच्या स्विचबद्दल फार आशा ठेवू नये. बऱ्याच छोट्या ॲम्पमध्ये तो ट्रान्सफॉर्मरनंतर रेझिस्टर घालतो आणि उरलेली ताकद उष्णता करून टाकतो. ट्यूबला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘एक वॉटवर वाजवतो, ट्यूब जास्त टिकेल’ हे चूक. किंबहुना एकट्या ट्यूबच्या क्लास ए मांडणीत (ट्यूबमधून प्रवाह सतत वाहतो) ट्यूब सर्वांत जास्त तापते ती कोणी वाजवत नसताना. चहाला उठताना ॲम्प चालू ठेवायची सवय इथं महाग पडते. आणि हो, फार हळू आवाजात सूर पातळ लागतो, त्याचा दोष स्विचवर ढकलू नका. कमी पातळीवर कानालाच खर्ज आणि टोकाचा ट्रेबल कमी ऐकू येतो.

ट्यूब बदलण्यावर लोक फार वेळ आणि पैसा घालवतात. १२एएक्स७ च्या जागी ५७५१ किंवा १२एवाय७ लावली की गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, उतरतो (गुणक १०० वरून ७० आणि ४४), नॉबला जास्त फिरायला वाव मिळतो, हा उपयोग खरा. बाकी एका कंपनीची काढून दुसरीची लावण्यातला फरक बहुतेकांना डोळे बांधून सांगता येणार नाही. सगळ्यात मोठा फरक पडतो तो स्पीकरनं. आतल्या आठ इंचीची वायर काढून त्याच ओहमच्या, ९८ डेसिबलच्या बारा इंची कॅबिनेटला जोडली की ६ डेसिबलचा फायदा होतो. तो म्हणजे चौपट ताकद, जणू वीस वॉटचा ॲम्प. शिवाय डब्यातून आल्यासारखा मधला नाकातला आवाज जातो. अर्थात शांत वाजवायचं असेल तर हा फायदा तोट्याचाच. ॲम्प चालू असताना स्पीकर सुटा मात्र राहता कामा नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

पाचव्या महिन्यात दोन कुरबुरी सुरू झाल्या. पहिली, जाड तारांवरच्या काही सुरांना काचेची झणझण. कॉम्बोमध्ये, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात असताना, ट्यूब स्पीकरच्या शेजारीच थरथरत असते. पेन्सिलच्या टोकानं एकेक ट्यूब हलकेच ठोकून बघावी: १२एएक्स७ स्पीकरमधून टणटणली तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे थरथर पकडून तिचाच आवाज करते, बदलावी. ईएल८४ चा किंचित आवाज चालतो, झणझण काचेवर सिलिकॉनची कडी चढवली की बहुधा थांबते. दुसरी, केबल हलवली की खरखर. जॅकचं नट सैल होतं, तो फिरतो आणि सर्किट बोर्डावरचं सोल्डर तडकतं. नट महिन्यातून एकदा घट्ट केलं तर हे टळतं.

घूं आवाजाचं निदान सोपं आहे. व्हॉल्यूम शून्यावर असूनही घुमत असेल तर दोष वीजपुरवठ्याकडचा: तो सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर थकलेले किंवा ईएल८४ गळकी. मात्र एका ट्यूबच्या ॲम्पमध्ये थोडी घरघर असतेच, पुश-पुलसारखी (तिथं दोन ट्यूब उलटसुलट जोडीनं चालतात) ती आपोआप एकमेकींना खोडत नाही. वाढत्या व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर पुढची ट्यूब, केबल किंवा गिटार. गिटार घेऊन जागेवरच वळून बघा. दिशा बदलताच कमी-जास्त झाली तर पिकअप ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे, ॲम्पपासून दोन हात लांब बसा.

ईएल८४ वर किती ताण आहे हे मोजता येतं, पण आत ३०० व्होल्टपर्यंत असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. हात सरावाचा नसेल तर तंत्रज्ञाकडे द्या. ट्यूबच्या कॅथोडला (प्रवाह जिथून निघतो ते टोक) जोडलेला रेझिस्टर १३५ ओहम आणि त्यावर ७.२ व्होल्ट दिसले, तर प्रवाह ५३ मिलिअँपिअर. त्यातले स्क्रीन या मधल्या जाळीकडे जाणारे सुमारे ५ वजा केले की प्लेटचे (प्रवाह जिथं पोचतो तो पत्रा) ४८ उरतात. प्लेट ते कॅथोड २४३ व्होल्ट असतील तर ११.७ वॉट, मर्यादा १२. काही ॲम्प १४-१५ वर चालवलेले सापडतात. तिथं कॅथोड रेझिस्टर १८० किंवा २२० ओहमचा, २ वॉटचा लावला की ट्यूब सुखानं चालते, आवाजात फरक जेमतेम.

जुना घेणार असाल तर वीस मिनिटं चालू ठेवून दिवा मालवा आणि मागून पाहा. फिलामेंट नारिंगी दिसायलाच हवं, पण राखाडी प्लेटवर लाल डाग पडत असेल तर लगेच बंद करा. दोन ट्यूबमध्ये सिग्नल पुढे नेणारा कपलिंग कपॅसिटर गळका असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो न बदलता नवी ट्यूब घातली तर तीही जाईल.