हरभट रोडच्या बोळातलं बाईंडिंगचं दुकान आणि आजीचं बायबल

जुनं पुस्तक बांधायला सांगलीत कुठे द्यावं, असं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तिघीचौघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. हरभट रोडच्या मागे एका बोळात हे दुकान आहे. दुकानाला नाव नाही. दारावर खडूने ‘बाईंडिंग करून मिळेल’ एवढंच लिहिलंय. आत एक वयस्कर काका, एक लोखंडी प्रेस, एक कटिंग मशीन आणि कोपऱ्यात शाळांच्या हजेरीपुस्तकांचा ढीग. मी मिरजेत गेली तेवीस वर्षं ब्लाउज शिवते. टाका कसा पडलाय ते मला लांबून कळतं, त्यामुळे या कामाबद्दल थोडं अधिकाराने बोलू शकते.

दुरुस्तीला दिलं होतं ते माझ्या आजीचं बायबल. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात धुण्याच्या खात्यात होती. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेलं हे हॉस्पिटल. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, चादरी धुणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आजीला तिशी उलटल्यावर एका नर्सबाईंनी अक्षरं शिकवली. वाचता यायला लागल्यावर तिने एक सवय लावून घेतली. वॉर्डातल्या चादरी गोळा करताना कोण कुठल्या खाटेवर आहे ते विचारायचं आणि रात्री बायबलच्या समासात पेन्सिलीने लिहायचं. ‘म्हातारी, जत.’ ‘पोरगं भाजलेलं, तासगाव.’ ‘अथणीची बाई, तिसरी खेप.’ प्रत्येक पानाच्या कडेला असं काही ना काही आहे, आणि त्या प्रत्येकासाठी ती प्रार्थना करायची. देवाला ही माणसं माहीत नाहीत का, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. म्हणाली, “त्याला माहीतच आहेत गं. मी विसरू नये म्हणून लिहिते.”

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हे बायबल गावभागात बहिणीच्या घरी ट्रंकेत होतं. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर पुस्तक फुगून दुप्पट झालेलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, पंख्याखाली ठेवून, पानं एकेक करून सोडवली. शाईने लिहिलं असतं तर सगळं वाहून गेलं असतं. पेन्सिल तेवढी राहिली. पण पाठ तुटली, शिवण सुटली, आणि पुढची कितीतरी वर्षं ते फडक्यात बांधून कपाटात पडून होतं.

आधी मी दुसरीकडे गेले होते. तिथल्या मुलाने पुस्तक उघडूनही न बघता सांगितलं, तीन बाजू मशीनवर मारतो, म्हणजे कडा कापून सरळ करतो, वर कडक पुठ्ठा लावतो, अर्ध्या तासात घेऊन जा. मी पैसे काढायला पर्समध्ये हातसुद्धा घातला होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, नको म्हटलं आणि बाहेर पडले. तीन बाजू मारल्या असत्या म्हणजे समास गेला असता. जतची म्हातारी, तासगावचं पोरगं, सगळी कातरणात गेली असती, आणि हे माझ्या लक्षात घरी पोचल्यावर आलं.

काकांना मात्र मला काही सांगावंच लागलं नाही. फडकं सोडलं, चष्मा लावला, चार पानं उलटली आणि बोट समासावर ठेवून म्हणाले, “ताई, हे कापायचं न्हाई. हितं माणसं हायेत.”

मला एकदम भरून आलं. बोलताच येईना.

काम कसं केलं तेही सांगते, कारण मी दोनदा मध्ये जाऊन बघून आले. पाठीवरचा जुना सरस त्यांनी आधी पातळ खळीने भिजवून मऊ केला आणि बोथट सुरीने खरवडून काढला. फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे केले. ज्या फर्म्यांच्या घडीवर कागद फाटला होता तिथे पातळ टिश्यूच्या पट्ट्या आतून चिकटवल्या, नखाएवढ्या रुंद. मग टोचाने जुनीच भोकं मोकळी केली, नवीन पाडली नाहीत. दोरा मेणावरून ओढून घेतला आणि एकेक फर्मा शिवत गेले. प्रत्येक टोकाला मागच्या फर्म्याशी गाठ. ताण सगळीकडे सारखा. कुठे आवळला नाही, कुठे ढिला नाही. मी बाही बसवते तेव्हा असाच हात ठेवावा लागतो, म्हणून त्यांची बोटं बघत उभी राहिले. खळीत मोरचूद घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. कडा मशीनला लावल्याच नाहीत. त्यामुळे पुस्तकाच्या बाजू खालीवर दिसतात. ज्याला गुळगुळीत कड हवी त्याला हे आवडणार नाही. मला हवं होतं ते हेच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा शिवता शिवता त्यांनी विचारलं, “हे मराठीत कुणी आणलं?” मी सांगितलं, विल्यम केरी नावाचा माणूस इंग्लंडात जोडे शिवायचा, काम करता करता भाषा शिकला, १७९३ साली बंगालात आला, आणि बंगालातल्याच सेरामपूरला १८११ मध्ये मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापून निघाला. काकांनी टोचा खाली ठेवला. “जोडे शिवायचा?” मग थोडं थांबून, “पर त्याला मराठी कुणी शिकवली?” हा प्रश्न मला इतक्या वर्षांत चर्चमध्ये कुणी विचारला नव्हता. वैजनाथ पंडित नावाचे एक मराठी जाणकार केरीच्या सोबतीला होते, ते मी सांगितलं. काका मान हलवत परत दोरा ओढायला लागले.

काकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, भिंतीवर विठोबा आहे. बायबल त्यांचा ग्रंथ नाही, तसा त्यांनी आवही आणला नाही. तरी माझ्या देवाने त्यांचा हात वापरला असं मी मानते, आणि हे मी पूर्ण विश्वासाने लिहिते आहे. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात ४५ व्या अध्यायात देव पारसाच्या कोरेश राजाला म्हणतो की तू मला ओळखत नव्हतास तरी मी तुला नावाने हाक मारली. त्याच कोरेशाने बाबेलातल्या यहुद्यांना मंदिर बांधायला परत यरुशलेमेस जाऊ दिलं. तो राजा होता म्हणून ते मोठं वाटतं. पण यापो गावची दुर्कस तर शिवणारी बाई. बायबलातल्याच प्रेषितांच्या कृत्यांत ती मेली तेव्हा विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याला दाखवतात ते तिने शिवलेले कपडे. मी दुकानात बसते तेव्हा ही गोष्ट मला फार आधार देते. तिने काय उपदेश केला ते शास्त्रात नाही. अंगरखे आहेत.

आता तक्रारी. पंधरा दिवस सांगितले, सव्वीस लागले. काका फोन उचलत नाहीत, त्यामुळे मिरजेहून दोन खेपा फुकट गेल्या. खुणेची फीत नायलॉनची लावली, तिचे धागे आठवड्यात निघाले, मग मी घरची सॅटिनची लावून घेतली. पुराचा वास थोडा अजून येतो, पण तो काकांचा दोष नाही. वर काळं रेक्झिन आहे, सोनेरी अक्षरं सरळ उठली आहेत. ४५० रुपये झाले. एवढ्या कामाला मला ते कमी वाटले, मी पाचशेची नोट ठेवली तर पन्नास परत दिले.

पुस्तक हातात दिल्यावर ते लगेच सोडेनात. म्हणाले, “आजी अजून हायेत?” मी म्हटलं, नाहीत, पण मी आहे. तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. “मग माझ्या नातीचं नाव घाला की कुठं तरी. ॲडमिट हाय.” मी स्तोत्र १२१ चं पान उघडलं. तिथे आजीने बरंच लिहिलेलं होतं, पण खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जागा होती. तिथे नाव, गाव आणि तारीख लिहिली. काकांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि मग फडक्याची गाठ स्वतः मारून दिली.

दुकान सकाळी दहा ते दीड, नंतर चार ते सात. आषाढीच्या आधी काका वारीला जातात, तेव्हा बंद असतं. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, कापडात न्या, आणि सुटी पानं असतील तर ती क्रमाने लावून न्या, त्यांचा बराच वेळ वाचतो.