गोरोबांची कथा की 'द शॅक': मूल गेलेल्या आईबापांनी काय वाचावं?

मूल गेलेल्या घरात पुस्तक न्यावं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. न्यायचंच असेल तर मला दोनच नावं सुचतात. एक महिपतींच्या 'भक्तविजय' या संतचरित्रांच्या ग्रंथातली गोरा कुंभारांची कथा, दुसरी विल्यम पॉल यंग यांची २००७ सालची कादंबरी 'द शॅक'. आमचा मुलगा गेला त्या वर्षी मी दोन्ही वाचली.

दोन्हींची सुरुवात विलक्षण सारखी आहे. मूल बापावर सोपवून आई बाहेर गेलेली आणि बापाचं लक्ष क्षणभर दुसरीकडे. गोरोबा नामात दंग होऊन माती तुडवतात आणि मूल पायाखाली येतं ते त्यांना कळतही नाही. 'शॅक'मधला बाप मॅक उलटलेल्या होडीखालून आपल्या मुलाला काढायला तळ्यात उतरतो, तेवढ्यात धाकट्या मिसीला कुणीतरी पळवून नेतं. 'मी तिथंच होतो' ही बोच ज्याला आहे, त्याला दोन्हीकडे आपला माणूस भेटेल.

गोरोबांच्या कथेचं बळ आईत आहे. ती आकांत करते, नवऱ्याला बोल लावते, त्याच्या विठ्ठलालाही सोडत नाही. मॅकची बायको मात्र बहुतेक कादंबरीभर बाहेरच राहते. झोपडीत प्रत्यक्ष भेटलेल्या देवाशी भांडतो तो एकटा बाप. माझ्या बायकोला 'शॅक' परकी वाटली ती यामुळेच, आणि तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

मी अडलो तो शेवटाशी. पंढरपुरात कीर्तन रंगतं, शपथ मोडली म्हणून गोरोबांनी स्वतःच तोडलेले हात परत फुटतात, मूल रांगत पुढे येतं. पौष वद्य एकादशीला आम्ही निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला गेलो होतो, तिथं एका कीर्तनात नेमकं हेच आख्यान लागलं. मूल परत आलं तसा मंडपात टाळ्यांचा, विठ्ठलनामाचा गजर झाला. बुवांचा काही दोष नाही, कथाच तशी आहे. पण आमचं मूल येणार नव्हतं. मग आमचीच भक्ती कमी पडली का? परतीच्या वाटेवर सातपूर येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. ते पान मला अजून उघडवत नाही.

'शॅक'मध्ये मिसी परत येत नाही. देव मॅकला तिच्या देहापर्यंत नेतो, येशू स्वतःच्या हातानं तिची शवपेटी घडवतो आणि सगळे मिळून तिला पुरतात. गेलेलं मूल गेलेलंच राहतं, तरी देव बापाजवळून उठत नाही. मला तेवढंच हवं होतं.

कादंबरीत उणिवा आहेत. देव फार बोलतो, मधली प्रकरणं प्रवचनासारखी लांबतात, आणि खुन्याला क्षमा करण्याचा भाग पहिल्या वर्षात तरी कुणाच्या हाती देऊ नये असं मला वाटतं. देवपित्याला काळ्या बाईच्या रूपात दाखवल्यानं काही ख्रिस्ती वाचक दुखावले होते. दुःखात बुडालेल्या माणसाला तो वाद शिवतही नाही.

घरात वारी असेल, आईला वाचायचं असेल, तर गोरोबांची कथा द्यावी. फक्त आकांतापाशी थांबा म्हणून सांगावं. बापासाठी विचाराल तर मी 'शॅक'च देईन. इंग्रजी सोपं आहे. २०१७ सालचा सिनेमाही आहे, पण पुस्तक हवं तिथं मिटून ठेवता येतं, आणि त्या दिवसांत ते वरचेवर मिटावं लागतं.