नागरिकत्वाच्या अर्जाआधीची ‘जुनी फाईल तपासणी’: कागदांना पाचपैकी चार, सल्ल्याला दीड

डेक्कनजवळच्या एका इमिग्रेशन सल्लागाराकडे मिळणाऱ्या या सेवेचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. ग्रीनकार्डाला पाच वर्षं होत आलेली (जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर तीन), एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज) भरायचाय, पण जुन्या कुठल्यातरी फॉर्मवर काहीतरी खोटं लिहिलेलं आहे. ऑफिसचं नाव देत नाही, कारण मुद्दा एका ऑफिसापुरता नाही.

आधी चांगलं. फाईल हातात आल्याशिवाय ही मंडळी एकही फॉर्म उघडत नाहीत. माहिती अधिकाराच्या अमेरिकन कायद्याखाली अर्जदाराच्या नावाने ए-फाईलची (अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडच्या त्याच्या फाईलची) प्रत ऑनलाइन मागवतात. त्या अर्जाला फी नाही. मग एक तक्ता करतात: डाव्या रकान्यात प्रश्न, पुढे व्हिसाच्या फॉर्मवरचं उत्तर, ग्रीनकार्डाच्या अर्जावरचं उत्तर आणि आता एन-४००वर द्यायचं उत्तर. काम कंटाळवाणं आहे, पण नेटकं करतात. नोकरीच्या तारखा, आधी नाकारलेला व्हिसा, पत्ते, मुलं, सगळं ओळीने लावलेलं मिळतं.

वैवाहिक स्थितीच्या ओळीवर त्यांचा हात खास बसलेला आहे. वडील ग्रीनकार्डधारक, मुलीचा अर्ज ‘अविवाहित’ म्हणून. व्हिसा हातात यायच्या आधीच पुण्यात लग्न उरकलं, नोंदणी मात्र अमेरिकेत जाऊन आल्यावर केली. घरच्यांना वाटतं, नोंदणी नंतरची आहे म्हणजे झालं. पण आपल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदणीची तारीख वेगळी आणि लग्न लागल्याची वेगळी, दोन्ही छापलेल्या असतात. पुढे नवऱ्याला अमेरिकेत आणण्यासाठी आय-१३० हा फॉर्म भरताना हाच कागद मुलगी स्वतः जोडते आणि तिची चूक तिच्याच हाताने फाईलला लागते. ग्रीनकार्डधारकाच्या मुलीचं लग्न झालं की तो अर्ज कायद्यानेच संपतो, म्हणजे ग्रीनकार्डच मुळात वैध नव्हतं. नागरिकत्वासाठी कायदेशीर कायमचा प्रवेश लागतो (अमेरिकन इमिग्रेशन कायद्याचं कलम ३१८). तिथे पाच वर्षं झाली की पंधरा, हा प्रश्नच येत नाही.

आता दीड गुण का ते. इथला ठरीव सल्ला आहे: “पाच वर्षांच्या आधीचं आहे ना? मग ‘नाही’ लिहा.” हे धडधडीत चुकीचं आहे. सरकारी अधिकाऱ्याला खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली का, हा एन-४००वरचा प्रश्न ‘कधीही’ असा आहे. वर्तन मुख्यतः पाच वर्षांचं बघतात, पण अधिकारी त्यामागेही जाऊ शकतो. शिवाय मुलाखतीत शपथेवर तोंडी ‘नाही’ म्हटलं की जुन्या खोट्यावर नवं चढतं, आणि ते पाच वर्षांच्या आतलं असतं. शपथेवरचं असं तोंडी खोटं लाभ मिळवण्याच्या हेतूने असेल, तर ते महत्त्वाच्या गोष्टीबद्दल असण्याचीही गरज नाही. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने हे १९८८ मध्येच सांगितलंय. नागरिकत्व मिळालं म्हणून सुटकाही नाही: ते काढून घेण्याच्या दिवाणी दाव्याला मुदत नसते.

उलट टोकही गाठतात, हे त्यांच्या तक्त्यात लाल रंगाने रंगवलेल्या ओळी बघून कळतं. कंपनी सोडल्याची तारीख महिनाभराने चुकली, तर ती फसवणूक नव्हे. मुद्दाम सांगितलेलं आणि निर्णयावर परिणाम करणारं खोटं वेगळं. अनुभवाचं बनावट पत्र मात्र लाल हवंच, विशेषतः त्या पदाची किमान अट त्या पत्रावरच भागली असेल तर. “एजंटने भरलं होतं” एवढ्याने भागत नाही. सही अर्जदाराची असते.

जुन्या खोट्याच्या माफीबद्दल विचारलं तर ‘आय-६०१ भरून टाकू’ म्हणतात, जणू तो रेशनकार्डाचा फॉर्म आहे. त्या माफीसाठी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराला अथवा आईवडिलांना अतीव हाल होतील हे दाखवावं लागतं. मुलांचे हाल त्यात थेट धरत नाहीत. जुन्या खोट्यावर ग्रीनकार्ड घेऊन आत आलेल्यांसाठी दुसरी एक माफी आहे, तिच्यात मुलं चालतात, पण ती इमिग्रेशन न्यायाधीशापुढेच मागता येते. म्हणजे आधी हद्दपारीची केस उभी राहायला हवी. म्हणूनच काही लोकांना योग्य सल्ला ‘अर्जच करू नका, आधी वकील गाठा’ हा असतो. तो इथे मिळत नाही, कारण मग पुढची फी बुडते.

अर्ज नाकारला गेला तर एन-३३६ने फेरसुनावणी मागायला निर्णय मिळाल्यापासून ३० दिवस असतात. फॉर्म हे भरून देतील, पण अर्जदाराचे प्रतिनिधी म्हणून शेजारी बसता येतं ते अमेरिकेतल्या एखाद्या राज्याची सनद असलेल्या वकिलाला किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला. वकिलाची सनद त्या राज्याच्या बारच्या (वकील संघटनेच्या) संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येते.

तेव्हा घ्यायचा तो फक्त तक्ता. त्याची पीडीएफ आणि ए-फाईलची पूर्ण प्रत मागून घ्या आणि दोन्ही वकिलाकडे पाठवा. अर्जासाठीचं ऑनलाइन खातं स्वतःच्याच ई-मेलवर उघडा. एन-४०० दुसऱ्याने भरला तर त्याने तयार करणारा म्हणून स्वतःचं नाव देऊन सही करायची असते. पैसे देण्याआधी हे लेखी विचारा. या ऑफिसात त्यावर “आम्ही फक्त मदत करतो” एवढंच उत्तर येतं.