पेटीवाल्यांचे दुसरे वाद्य : सॉलिड टॉपचे युकुलेले आणि बेळगावची हवा

ज्यांचे पहिले वाद्य पेटी आहे आणि ज्यांना उचलून कुठेही नेता येईल असे एक लहान दुसरे वाद्य हवे आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. पूर्ण विचारांती मी जे युकुलेले, म्हणजे गिटारसारखे चार तारांचे लहान वाद्य, घेतले, ते कॉन्सर्ट म्हणवणाऱ्या मधल्या आकाराचे आहे. त्याची वरची फळी सॉलिड, म्हणजे एकसंध महोगनी लाकडाची असून पाठ आणि बाजू प्लायच्या, म्हणजे लॅमिनेट लाकडाच्या आहेत. गेला संपूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा उन्हाळा या वाद्याने टिळकवाडीतल्या आमच्या घरात काढला. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, बेळगाव परिसरात राहणाऱ्या आणि कान आधीच तयार झालेल्या माणसाने निव्वळ प्लायचे वाद्य घेऊ नये, आणि हौसेच्या भरात सर्वांगी सॉलिड वाद्याकडेही धावू नये.

कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवून वाजवले तेव्हा एकाचा आवाज मोकळा आणि दुसऱ्याचा कोंडलेला होता. काला, ओहाना, कॉर्डोबा, फ्लाइट ही नावे बाजारात सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांच्या स्वस्त ते महाग अशा सर्व श्रेणी मिळतात. परंतु नाव पाहून नव्हे, तर हातात आलेला नग तपासून निर्णय घ्यावा लागतो.

प्रथम लाकडाविषयी, कारण पैशाचा खरा फरक तेथेच पडतो. वाद्याचा बहुतेक आवाज वरच्या फळीतून येतो. ही फळी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते आणि तारांची थरथर घोडीवाटे, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या ज्या तुकड्यावर तारा टेकतात त्याच्यावाटे, तिच्यापर्यंत पोहोचते. सॉलिड फळी म्हणजे एकाच लाकडाचा पातळ काप, ज्याच्या रेषा एकाच दिशेने जातात आणि जो त्या दिशेने सहज थरथरतो. लॅमिनेटमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. त्यामुळे फळी मजबूत होते, हवामानाला दाद देत नाही, परंतु तिची थरथर लवकर दबते. पेटीवर सूर कितीही वेळ धरून ठेवता येतो, त्यामुळे पेटी वाजवणाऱ्याच्या कानाला हा दबलेपणा पहिल्या दिवसापासून खटकतो. ज्याने पूर्वी कोणतेच वाद्य हातात धरलेले नाही, त्याला किंवा आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो खटकणार नाही आणि अशांनी खुशाल दोन-तीन हजारांचे लॅमिनेट घ्यावे.

जाहिरातीत केवळ ‘महोगनी’ लिहिलेले असेल, तर ते लॅमिनेट आहे असे धरून चालावे. ‘सॉलिड टॉप’ म्हणजे फक्त वरची फळी सॉलिड, आणि ‘ऑल सॉलिड’ म्हणजे पाठ आणि बाजूही सॉलिड. दुकानात खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे आवाजाच्या भोकाची कड उजेडात पाहणे. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर फळी सॉलिड आहे. कडेवर वेगवेगळ्या रंगाचे दोन-तीन थर दिसले तर प्लाय आहे. काही उत्पादक ही कड काळ्या रंगाने झाकतात किंवा तिच्यावर नक्षीची पट्टी लावतात. तेव्हा भोकातून टॉर्च मारून आतली बाजू पाहावी आणि एखादी ठळक रेषा किंवा गाठ आतून-बाहेरून एकाच ठिकाणी आहे का, ते ताडून घ्यावे.

लाकडाच्या जातींवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. स्प्रूस उजळ वाजते, सीडर मऊ, महोगनी त्या दोहोंच्या मध्ये आणि थोडी उबदार. कोआ हे हवाईचेच झाड असून त्याची वाद्ये सुंदर दिसतात, पण ‘परवडणारे’ हा शब्द त्यांना लागू होत नाही. सन १८७९ मध्ये माडेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर होनोलुलूला उतरले आणि त्यांच्यातील सुतारांनी आपल्या माशेत नावाच्या लहान वाद्यावरून हे वाद्य घडवले. तेव्हापासून कोआला मान आहे. आपल्या कामासाठी महोगनी पुरेशी आहे.

आता हवेविषयी, आणि येथे सीमाभागाचा प्रश्न वेगळा आहे. सॉलिड लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. ओल वाढली की फळी फुगते, घोडीमागे पोट येते आणि तारा पडद्यांपासून, म्हणजे दांडीवरील आडव्या पट्ट्यांपासून, वर उचलल्या जातात. हवा कोरडी पडली की फळी आकसते आणि रेषेच्या दिशेने चिरण्याची भीती असते. या वाद्यांना साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्याचे महिनेच्या महिने भिंतींना ओल असते. तर अथणी, रायबाग, गोकाककडे फेब्रुवारीनंतर हवा इतकी कोरडी होते की जुन्या दारांच्या फळ्यांत फटी पडतात. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये सापडते आणि त्याला दोन्हीकडचे थोडे थोडे मिळते. ऑल सॉलिड वाद्याच्या सर्वच फळ्या या ओढाताणीत सापडतात. सॉलिड टॉपच्या वाद्यात फक्त एकच फळी हलते आणि बाकीचा सांगाडा तिला धरून ठेवतो. आवाजात थोडे कमी पडते हे खरे, परंतु ते कमी पडणे मला शेजारी दोन्ही वाद्ये ठेवल्यावरच कळते, एकटे वाजवताना नाही. ज्यांचे पहिले वाद्य पेटी आहे आणि जे युकुलेलेला रोज हात लावणार नाहीत, त्यांनी ही जोखीम का घ्यावी, याचे उत्तर मला सापडलेले नाही. कपाटावर पडून राहणारे वाद्यच चिरते.

आकाराबाबतही माझे मत ठाम आहे. सोप्रानोची तारलांबी साधारण १३ ते १४ इंच असते, कॉन्सर्टची १५, टेनरची १७. सोप्रानोचा मूळ झणझणीत आवाज ज्यांना प्रिय आहे, त्यांच्याशी माझे भांडण नाही. परंतु पेटीच्या पट्ट्यांवर फिरलेल्या मोठ्या बोटांना त्याचे वरचे पडदे फार दाटीचे होतात. टेनरचा आवाज भरदार असतो आणि किंमतही चढते. कॉन्सर्ट मध्यावर बसते आणि तिचे साधे कव्हर बसच्या वरच्या फळीवर मावते. बेरीटोनचा विचार येथे सोडून द्यावा, कारण तिची जुळवणी वेगळी, गिटारच्या वरच्या सुरांच्या चार तारांची असते.

पेटीवाल्याला या वाद्याची जुळवणी समजायला क्षणही लागत नाही आणि मला त्यातच सर्वाधिक आनंद मिळाला. पांढरी एक (सी) हा सा धरला, तर चार मोकळ्या तारा वरून खाली क्रमाने प, सा, ग आणि ध अशा येतात. भूप रागाच्या पाच सुरांपैकी रे एवढाच काय तो उरतो आणि तो सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर बसलेला असतो. मात्र पहिली प-ची तार सा-च्या वरच्या प-ची असते, खालच्या नव्हे. म्हणजे सर्वांत खालचा सूर सा. मंद्रातला एकही सूर या वाद्यात नाही. बंदिशीचा मुखडा मंद्र पंचमावरून उठत असेल तर हात अडतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या तारेच्या जागी जाड, खालच्या प-ची तार लावणे, ज्याला ‘लो जी’ म्हणतात. त्यामुळे मंद्र प, ध आणि नी ही तीन पावले मिळतात आणि सुरावट वाजवणाऱ्यासाठी ती अत्यंत मोलाची आहेत. नटाची, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची, खाच थोडी रुंद करावी लागते, इतकेच. याच्या बदल्यात उघड्या तारांवर जी खास हवाई झणक येते, ती जाते; मला तिची उणीव भासली नाही.

गाण्याच्या साथीसाठी मात्र मूळ जुळवणीच बरी. काळी एक आणि काळी चार या आपल्याकडे गाणाऱ्यांना नेहमी लागणाऱ्या पट्ट्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून मिळतात : काळी एकसाठी सी-चे आकार, काळी चारसाठी जी-चे. पेटीवर ज्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूरगुच्छ, बसवायला डाव्या हाताला भात्यातून मोकळे करता येत नाही, त्या येथे सहज येतात. मींड आणि गमक यांची अपेक्षा ठेवू नये. नायलॉनसारख्या तारा ओढल्या तरी सूर थोडाच सरकतो, आणि सूर टिकतोही जेमतेम दोन-तीन सेकंद. विलंबित ख्याल यावर वाजवू पाहणाऱ्याने सतार घ्यावी. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकांनी शिष्य घडवलेल्या गावात हे वेगळे सांगायची गरज नसावी, तरीही सांगते. कारण ‘इंडियन क्लासिकलसाठी उत्तम’ अशी चिठ्ठी लावलेली युकुलेले मी पाहिली आहेत.

खरेदीसाठी पर्याय तीन आहेत. बेळगावातील वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, ढोलकी आणि गिटार उत्तम मिळतात, युकुलेले मात्र बहुतेक रंगीत, स्वस्त, मुलांसाठी टांगलेली असतात. सॉलिड टॉप मागितल्यास मागवून देतात. चोर्ला घाटाने गोव्यात उतरले की पाश्चात्त्य वाद्यांच्या दुकानांत पर्याय वाढतो आणि दोन-तीन नग वाजवून पाहता येतात, म्हणून मी तो मार्ग पसंत केला. तिसरा पर्याय ऑनलाइन. त्यात किंमत कमी पडते, परंतु नग निवडता येत नाही आणि वाद्य पावसात आले तर ते कोणत्या गोदामात किती दिवस ओलीत पडले होते, हे कळण्याची सोय नाही. ऑनलाइन घ्यायचेच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावे आणि परत करण्याची मुदत तपासून घ्यावी.

नग हातात आला की प्रथम सूर तपासावा. प्रत्येक तार मोकळी वाजवून मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचे अंतर हवे. पेटी घरी असेल तर तीच तोलायला पुरते, दुकानात मोबाइलवरील ट्यूनर चालतो. त्यानंतर पहिला पडदा. कारखान्यातून आलेल्या स्वस्त वाद्यांत नटाच्या खाचा बऱ्याचदा उथळ राहिलेल्या असतात, त्यामुळे तार पहिल्या पडद्यावर दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. ग-च्या तारेवर पहिल्या पडद्यावरचा मध्यम ऐकावा. तो पेटीच्या मध्यमापेक्षा चढा निघाला तर खाच खोल करावी लागेल. बाराव्या पडद्यावर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असावी. त्याहून जास्त असेल तर घोडीवरील सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून कमी करता येते, कमी असेल तर तार पडद्यांवर खडखडते आणि ते दुरुस्त करणे अवघड जाते. म्हणून उंच वाद्य परवडते, बसके नाही. पडद्यांच्या कडा दांडीच्या बाजूने बोट फिरवून पाहाव्यात. कोरड्या हवेत दांडी आकसून त्या टोचू लागतात. खुंट्या दातेरी चाकांच्या असाव्यात. आरपार जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या सुरात ठेवणे दुसरे वाद्य म्हणून वाजवणाऱ्याला कंटाळवाणे होते.

नट आणि सॅडल यांचे काम कोणाकडून करून घ्यावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. गिटार दुरुस्त करणारे आपल्या शहरात आहेत आणि ते करतात. परंतु हाडाचे सॅडल हवे असेल तर मिरज रेल्वेने जवळच आहे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथे घोडीची जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घासून दिलेला आकार, लावणाऱ्या हातांना केसाएवढ्या फरकाचे घासकाम रोजचेच आहे. मात्र त्यांना आधी स्पष्ट सांगावे की येथे जवारी नको, सपाट आणि स्वच्छ धार हवी. नाहीतर युकुलेले तंबोऱ्यासारखे घुमू लागेल.

तारांच्या बाबतीत पावसाळी हवेला मानवणाऱ्या फ्लुरोकार्बनच्या तारा मी निवडल्या. नायलॉन ओलावा शोषते आणि पावसाळ्यात सूर रोज थोडा उतरतो. फ्लुरोकार्बनला ओलाव्याचा फरक जवळजवळ पडत नाही. इटलीतील अक्विला कंपनीच्या नायलगट तारांचाही आवाज चांगला आहे. कोणत्याही नव्या तारा पहिला आठवडा सतत उतरतात, त्यामुळे घाबरून वाद्य परत पाठवू नये. स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. त्या ताणाने फळी वाकते, घोडी उखडते.

देखभालीसाठी खर्च फारसा नाही, पण शिस्त लागते. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुड्या दर काही दिवसांनी गरम करून पुन्हा ठेवाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये उलट काम : छिद्रे पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवून ती कव्हरमध्ये, पण फळीला न लागेल अशी ठेवायची. वाद्य बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, कारण आमच्याकडील पश्चिमेच्या भिंतींना पावसाची थेट ओल येते. गोव्याला किंवा निपाणीला जाताना ते उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत सोडून जेवायला जाऊ नये. गोंद उष्णतेने मऊ होतो आणि घोडी सुटते.

किंमत विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की, अशा वाद्यासाठी दहा ते पंधरा हजारांची तयारी ठेवावी, आणि त्यातील एक हिस्सा नटाच्या कामासाठी, कव्हरसाठी आणि नव्या तारांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा. मग पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, वाद्य डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून घोडीमागे फुगवटा आला आहे का आणि बाराव्या पडद्यावरची उंची तीन मिलिमीटरच्या आत आहे का, एवढे पाहून घ्यावे. फुगवटा आला असेल किंवा उंची वाढली असेल तर सॅडल घासण्यापूर्वी वाद्य आठवडाभर सिलिका जेलसह कव्हरमध्ये बंद ठेवावे, कारण पुष्कळदा फुगवटा तेवढ्यानेच बसतो.