गरम हवेचं पॉपकॉर्न मशीन: ग्लूटेन न चालणाऱ्या माणसाचा अनुभव

मशीन चांगलं आहे. ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे त्यांनी ते घ्यावं, असं मी बेधडक सांगेन. बाकीच्यांना त्याची तेवढी गरज नाही, त्यांचं काम झाकणाच्या जाड बुडाच्या पातेल्यात छान भागतं.

मला सीलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होत जातात. ग्लूटेन जन्मभर टाळायचं, एवढाच त्यावरचा उपचार. दोन वेळचं जेवण घरी नीट जमवता येतं. अडतं ते अधल्यामधल्या खाण्यावर. संध्याकाळी भूक लागते तेव्हा आजूबाजूला बिस्किटं, केक, सँडविच असतात, आणि त्यातल्या कशालाच मला हात लावता येत नाही. ग्लूटेनमुक्त म्हणून मिळणाऱ्या खाऊतही बऱ्याचदा स्टार्च आणि साखरच जास्त. पोट भरतं, पण अंगी लागण्यासारखं त्यात फार थोडं असतं.

लाह्यांचं तसं नाही. मका मुळातच बिनग्लूटेनचा. त्यातही प्रथिनं असतात, झेइन नावाची, आणि कुठेकुठे त्यांना ‘कॉर्न ग्लूटेन’ असंही म्हटलेलं दिसतं. ते वाचून घाबरू नका. सीलिॲकवाल्यांना बाधतं ते ग्लूटेन हे नव्हे. शिवाय लाही म्हणजे सालासकट, अंकुरासकट अख्खा दाणा. नुसत्या हवेवर फुलवलेल्या १०० ग्रॅम लाह्यांत १४-१५ ग्रॅम तंतू असतो. कपभर लाह्यांचं वजन जेमतेम ८ ग्रॅम भरतं आणि त्यात ३०च्या आसपास कॅलरी. भूक लागलेली असताना वाडगा भरून काहीतरी खायला मिळणं याचं मोल पथ्यावर असलेल्या माणसालाच कळतं.

घोळ होतो तो मक्याला पुढे जे जे चिकटतं त्यामुळे, आणि मी मशीन घेतलं ते त्या घोळातून सुटण्यासाठी. म्हणून आधी पाकिटांबद्दल थोडं.

चवीच्या लाह्यांचं पाकीट घेतलं की मी पहिल्यांदा ‘माल्ट’ शोधते. माल्ट बहुधा जवाचा असतो. कॅरॅमलच्या लाह्यांत तो सिरप किंवा अर्क म्हणून येतो आणि आंबटखारट चवीत माल्ट व्हिनेगर म्हणून. मग सोया सॉसची भुकटी. नेहमीचा सोया सॉस सोयाबीनच्या जोडीने गहू घालून आंबवतात. चीजच्या भुकटीत दाटपणासाठी गव्हाचं पीठ किंवा स्टार्च असू शकतं. यीस्टचा अर्क बिअरच्या यीस्टपासून काढलेला असेल तर त्यात जवाचा अंश उरलेला असतो. काही मिश्रणांत लाह्यांबरोबर प्रेट्झेलचे, म्हणजे गव्हाच्या खारट कुरकुरीत बिस्किटांचे, तुकडेच टाकलेले असतात, ते निदान डोळ्यांना दिसतात तरी. उलट ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हे नाव माल्टसारखं वाटलं तरी त्याचा जवाच्या माल्टशी संबंध नाही. ते स्टार्चपासून करतात, बहुतेक वेळा मक्याच्याच, आणि ते चालतं.

पाकिटावर गहू लिहिलेला नाही, म्हणून ग्लूटेन नाही, असं मात्र धरून चालू नका. अमेरिकेच्या २००४ च्या ॲलर्जन (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या) कायद्यात गव्हाचं नाव लिहिणं सक्तीचं आहे, जवाचं नाही. युरोपीय संघात ग्लूटेन असलेली सगळी धान्यं नावानिशी लिहावी लागतात. म्हणजे पाकीट कुठल्या बाजारासाठी छापलं आहे यावर त्याच यादीचा अर्थ बदलतो. ‘याच कारखान्यात गहूही हाताळला जातो’ ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक असते, त्यामुळे ती नसणं म्हणजे अभय नाही.

स्पष्ट ‘ग्लूटेनमुक्त’ छापलेलं असेल तर मी निर्धास्तपणे घेते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे त्याचा अर्थ किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही. ५० ग्रॅमचं अख्खं पाकीट एकटीने संपवलं तरी फार तर १ मिलिग्रॅम. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक सीलिॲक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही असं मानतात. प्रवासाला निघताना अशी पाकिटं मी बॅगेत टाकते. त्यात भीती बाळगण्यासारखं काही नाही. फक्त रोज तेच खायचं म्हटलं की मीठ आणि तेल फार होतं.

सिनेमागृहातल्या लाह्यांचा वास मला अजून ओढतो. मी खिडकीपाशी जाऊन सरळ विचारते, “दादा, या तेलाचा डबा जरा दाखवता का?” मागे एकाने फारच आपुलकीने दाखवला. डबा उलटा फिरवला, त्यावरचा तेलकट थर अंगठ्याने पुसला आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचूनही दाखवली. तेल चांगलं होतं, मीठही साधं. पण त्याच ट्रेमध्ये चीज भुरभुरवायच्या डब्याचं झाकण पालथं पडलेलं होतं, आणि लाह्या उपसायचा पत्र्याचा स्कूप त्यावरच टेकवलेला. मी त्याचे आभार मानले आणि रिकाम्या हाताने आत गेले. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. एकच कढई, एकच स्कूप आणि चार चवी असल्यावर तो तरी काय करणार? तिथे सगळं गरमागरम असतं म्हणून चालेल असं काही जण म्हणतात. ग्लूटेन उष्णतेने नाहीसं होत नाही. कढईच्या तापमानाला तर नाहीच.

आता मशीन. उंचीला मिक्सरएवढं. आत ॲल्युमिनियमची गोल पोकळी, तिच्या भिंतीत तिरप्या फटी. वर प्लास्टिकचं नळकांडं, ज्यातून लाह्या बाहेर पडतात, आणि त्याच्या डोक्यावर दाणे मोजायची वाटी. दाणे घालायचे, बटण दाबायचं. फटींतून येणाऱ्या गरम हवेच्या झोताने दाणे आत गरागरा फिरू लागतात. पहिलं मिनीटभर नुसता खडखडाट. मग एक दाणा फुटतो, थोड्या वेळाने दुसरा, आणि मग एकदम सरी कोसळल्यासारख्या लाह्या नळकांड्यातून उसळून वाडग्यात पडायला लागतात. दोन फुटण्यांमध्ये दोनतीन सेकंदांचं अंतर पडलं की बंद करायचं. सगळं मिळून तीनेक मिनिटांत उरकतं.

दाणा फुटतो कसा हे कळलं की मशीनचे गुणदोषही कळतात. पॉपकॉर्नच्या दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि त्याचं साल अतिशय घट्ट. दाणा तापत जातो तशी आत वाफ कोंडते, स्टार्च मऊ होतो, आणि १८० अंश सेल्सिअसच्या सुमारास आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट झाला की साल फाटतं आणि आतला स्टार्च फेसासारखा फुलून तिथल्या तिथे घट्ट होतो. यात तेलाचं काम फक्त उष्णता पोचवण्याचं. ते काम हवेने केलं की उरतो नुसता मका. माझ्यासाठी या मशीनची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे. पोकळीत तेल, मीठ, मसाला काहीही घालायचं नाही असं सोबतच्या पुस्तिकेत बजावलेलं असतं. घरातल्या दुसऱ्या कोणी वापरलं तरी आत मक्याशिवाय काही जाणार नाही, अशी सोय दुसऱ्या कुठल्या भांड्याची नाही. पातेल्याला ओरखडे असतात, लाकडी उलथणं सगळ्यांचं असतं, तेलाच्या बाटलीला कुणाकुणाचे हात लागलेले असतात.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत लिहिलेली नाही, आणि ती आपल्यासारख्यांना फार महत्त्वाची आहे. हे मशीन खालच्या जाळीतून खोलीतली हवा ओढून घेतं आणि तीच तापवून दाण्यांवर सोडतं. त्याच ओट्यावर कोणी गव्हाचं पीठ चाळत असेल तर हवेत तरंगणारं पीठही आत ओढलं जाणार. गव्हाचं पीठ हवेत बराच वेळ तरंगतं, डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून माझं मशीन स्वयंपाकघरात नाहीच. ते झाकण घालून दुसऱ्या खोलीत कपाटात असतं आणि तिथल्याच टेबलावर चालतं. घरात गहू रोज वापरात असेल तर ही खबरदारी घ्याच.

विकत घेताना पोकळीच्या फटी बाजूच्या भिंतीत आहेत हे पाहा. काही मशीनना तळाला जाळी असते. तिच्यातून सालपटं खाली तापलेल्या तारेवर पडून जळू शकतात.

उणिवा आहेत. आवाज मोठा. ते चालू असताना टीव्हीचा शब्द कळत नाही. सुरुवातीला काही कच्चे दाणे लाह्यांच्या धक्क्याने बाहेर उडतात, तापलेले असतात, आणि लाह्यांत मिसळले तर दाताखाली येतात. वाडगा जरा खोल घ्यावा आणि खाण्याआधी हलवावा, दाणे तळाशी बसतात.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मीठ चिकटत नाही. लाह्या कोरड्या, त्यामुळे मीठ सरळ वाडग्याच्या तळाला. यावर माझा उपाय असा: मीठ पिठासारखं बारीक करून ठेवायचं, त्यासाठी गव्हाचं काही न दळलेलं भांडं वापरायचं, आणि गरम लाह्यांवर तेलाचा अगदी हलका फवारा मारून लगेच मीठ भुरभुरवायचं. बटर थेट वितळवून ओतलं तर लाह्या बसतात, कारण बटरमध्ये पाणी असतं. ते कढवून पाणी उडवलं की कुरकुरीतपणा टिकतो. पण बटर कुठल्या डब्यातलं तेही बघा. ब्रेडला लावलेली सुरी ज्या डब्यात परत बुडते त्या डब्यात ब्रेडचा चुरा असतोच. माझा डबा वेगळा आहे, त्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव आहे, आणि पाहुण्यांना ते आवर्जून सांगायला मी लाजत नाही.

दाणे बंद पाकिटातलेच घेते. सुट्ट्या धान्याच्या पेट्यांमध्ये एकच मापटं गव्हापासून मक्यापर्यंत सगळीकडे फिरतं. तरीही पाकीट फोडलं की दाणे पांढऱ्या ताटात एकेरी पसरून नजर फिरवते, कारण शेतापासून पाकिटापर्यंत धान्यं एकमेकांत मिसळायला जागा बरीच असते. मक्याचा दाणा गोल, चकचकीत आणि पिवळा. गहू-जवाचा लांबट, मळकट आणि मधोमध चीर असलेला. दिसला की लगेच कळतो. नंतर घट्ट झाकणाच्या बरणीत. उघडे राहिले तर दाण्यातलं पाणी उडतं आणि न फुटणारे दाणे वाढतात. तसं झालंच तर बरणीत चमचाभर पाणी घालून हलवा आणि दोनतीन दिवस तशीच ठेवा, बरेचसे दाणे पुन्हा फुटायला लागतात.

ज्यांचं निदान नुकतंच झालं आहे त्यांनी मशीनची घाई करू नये. आतडं सुजलेलं असताना लाहीचं साल जड जातं, पोट फुगतं, आणि बिचाऱ्या मक्यावर आळ येतो. त्या काळात दुधातली साखर पचत नाही असंही पुष्कळांचं होतं. चीजच्या किंवा दुधाच्या भुकटीच्या लाह्या खाऊन पोट बिघडलं तर ते ग्लूटेनमुळेच असेल असं नाही. आहारतज्ज्ञांना विचारून, आधी मूठभर खाऊन बघावं. चार वर्षांखालच्या मुलांना तर लाह्या द्यायच्याच नाहीत, घशात अडकतात. आणि मशीन चालू असताना त्यांना त्या नळकांड्यापासूनही लांब ठेवा, ते चांगलंच भाजतं.

कोणी वापरलेलं मशीन देऊ केलं तर नको म्हणा. आतली पोकळी पाण्याने धुता येत नाही, फक्त पुसता येते, आणि आधीच्या मालकाने त्या फटींजवळ काय काय भुरभुरवलं होतं हे बाहेरून कळायला मार्ग नाही.