ग्लेन्को की केर्नगॉर्म? जुन्या मित्रांसोबतची हिवाळी चढाई

एकेकाळी राजगड-तोरणा पाठोपाठ करणारे मित्र पन्नाशीत पुन्हा जमतात आणि फेब्रुवारीत स्कॉटलंडचे डोंगर चढायचे ठरवतात, तेव्हा गाडी बहुधा दोन नावांवर येऊन अडते: ग्लेन्कोची दरी आणि केर्नगॉर्मची डोंगररांग. उंचीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. ब्रिटनमधले सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणे आहे. तरीही तिथला हिवाळा सह्याद्रीतल्या अनुभवाला फारशी किंमत देत नाही.

देखणेपणात ग्लेन्कोच सरस, याबद्दल वाद नको. दरी अरुंद आहे आणि दोन्ही अंगांना उभे कडे आहेत. तोंडाशीच बुअखल एटिव्ह मोर, म्हणजे गेलिक भाषेत ‘एटिव्हचा थोरला गुराखी’, सुळक्यासारखा उभा राहतो. अडचण अशी की त्याच्या मुख्य शिखराची नेहमीची वाट कोरी ना तुलिख या घळीतून जाते, आणि घळीच्या वरच्या टोकाला वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ थरावर थर साचतो. जानेवारी २००९ मध्ये तिथे हिमस्खलनात तिघांचा जीव गेला. हवा बिघडली तर ज्या दरीत इथल्या मॅकडोनल्ड घराण्याची मंडळी पळवून आणलेली गुरे लपवत, ती कोरी गॅबेल पाहता येते. पण तिची वाटही दगडगोट्यांची आहे आणि दगडांवर बर्फाची काच धरलेली असेल, तर ती वाट सोपी म्हणवत नाही.

केर्नगॉर्मचा धोका वेगळ्या जातीचा आहे. एडिंबरोहून ट्रेनने सुमारे तीन तासांत पायथ्याच्या एव्हीमोर गावी पोचता येते, पुढे स्की-केंद्राचा वाहनतळच सुमारे ६३० मीटरवर आहे, आणि १२४५ मीटरच्या केर्न गॉर्म शिखरापर्यंत चढ सौम्य आहे. या सौम्यपणावरच माणूस फसतो. वर विस्तीर्ण पठार आहे; ढग उतरला की बर्फ आणि आकाश यांतली रेषा पुसली जाते, आणि समोर जमीन आहे की कड्याची किनार, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. अशा वेळी होकायंत्राची दिशा धरून पावले मोजत चालावे लागते. पुढे बर्फाचा गोळा फेकायचा, तो समोर पडलेला दिसला तर पाऊल टाकायचे आणि नाहीसा झाला तर जागीच थांबायचे. मार्च १९८६ मध्ये या शिखरावर ताशी १७३ मैल वेगाचा वारा नोंदला गेला. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर पाच शाळकरी मुले आणि त्यांच्यासोबतची एक शिकाऊ प्रशिक्षिका वादळात गारठून दगावली.

तरीही जुन्या मित्रांच्या गटासाठी माझे मत केर्नगॉर्मकडे झुकते, आणि त्याचे कारण डोंगरापेक्षा मित्रांतच अधिक आहे. विशीत जो म्होरक्या होता, तोच पन्नाशीतही पुढे चालतो. ज्याचा गुडघा दुखतो, तो लाजेने गप्प बसतो. आणि ‘परत फिरू या’ हे शब्द कोणाच्याच तोंडून निघत नाहीत. केर्नगॉर्ममध्ये गट निमूटपणे दोन करता येतो. दोघांनी शिखर गाठावे, उरलेल्यांनी पाइनच्या जंगलातून हिरव्या पाण्याच्या अन लोखन वेन तळ्यावरून, राय्व्होनच्या साध्या निवाऱ्यात चहा घेऊन, ८१० मीटरच्या म्याल अ व्हुअखल या टेकडीवर जावे. गंमत म्हणजे याही नावात गुराखीच आहे. या टेकडीलाही बर्फात कमी लेखू नये, मात्र रात्रीच्या जेवणाला दोन्ही गटांकडे सांगण्यासारखे काही असते.

क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे, आणि बर्फाची कुऱ्हाड दोन्हीकडे लागतातच. क्रॅम्पॉनचे पट्टे जाड हातमोज्यांसह आवळण्याचा सराव घरीच करावा, कारण वर वाऱ्यात हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटे ऐकेनाशी होतात. ज्यांनी कुऱ्हाड कधी हातात धरलेली नाही, त्यांनी पहिला दिवस एव्हीमोरजवळच्या ग्लेनमोर लॉजसारख्या केंद्रात घसरण थोपवायला शिकण्यात घालवावा.

सगळेच बर्फात मुरलेले असतील आणि आदल्या संध्याकाळच्या हिमस्खलन-अंदाजात धोका पाच पायऱ्यांपैकी खालच्या दोनांतच असेल, तर मात्र बेलाशक ग्लेन्को निवडावे.